टू-स्ट्रोक १३५ आणि फोर-स्ट्रोक १६५ एकाच क्लासमध्ये: समतोल वजनाने साधायचा की रिस्ट्रिक्टरने?

नियमावली_पुणे

मंडळी, ४०२ मीटरच्या क्लब ड्रॅगसाठी (सरळ पट्ट्यावरची शर्यत) नियमावलीचा मसुदा तयार करतोय. जागा धावपट्टीची, हिट दोन-दोन गाड्यांची. एफएमएससीआयची (देशातली मोटरस्पोर्ट संघटना) परवानगी वगैरे सोपस्कार वेगळे चालू आहेत, त्यावर इथे चर्चा नको. अडलंय ते एकाच क्लासपाशी. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकचे वेगवेगळे क्लास भरतील एवढ्या एंट्र्या येत नाहीत, म्हणून सिंगल सिलिंडरचा एक मिश्र क्लास करायचा आहे.

मसुदा असा: टू-स्ट्रोक १३५ सीसीपर्यंत, फोर-स्ट्रोक १६५ सीसीपर्यंत, गाडी अधिक जॉकी (चालवणारा) मिळून किमान १५० किलो (दोघांनाही सारखंच), पेट्रोल पंपावरचं, टर्बो आणि नायट्रस बंद. मसुदा फिरवल्याबरोबर दोन्हीकडून ओरड सुरू झाली. आरएक्सवाले (यामाहाची टू-स्ट्रोक) म्हणतात, दुपारच्या उन्हात आमचं इंजिन मरतं आणि फोर-स्ट्रोक तशीच पळते. पल्सरवाले (बजाजची फोर-स्ट्रोक) म्हणतात, चेंबर (टू-स्ट्रोकचा खास एक्झॉस्ट) आणि पोर्टिंग (सिलिंडरमधली भोकं कापून मोठी करणं) मोकळं सोडलंत म्हणजे पेपरच फोडून दिलात.

१३५ ला १६५ हे प्रमाण बरोबर आहे का? फरक उरला तर तो वजनाने भरायचा की रिस्ट्रिक्टरने (हवेच्या वाटेत बसवलेलं ठरावीक मापाचं भोक)? आणि एक इव्हेंट झाल्यावर आकडे बदलायचे झाले तर कशाच्या आधारावर? पल्सर एनएस २०० पण यातच घ्या असंही काही जण म्हणतायत, त्याचंही सांगा.

---

बाणेर_बीएमईपी

प्रमाण तपासायचं तर सीसीवर भांडू नका, बीएमईपीवर या. म्हणजे एका पॉवर स्ट्रोकमध्ये पिस्टनवर सरासरी किती दाब कामाला येतो ते. सूत्र सोपं आहे:

टू-स्ट्रोक: बीएचपी = बार × सीसी × आरपीएम ÷ ४,४७,०००
फोर-स्ट्रोक: बीएचपी = बार × सीसी × आरपीएम ÷ ८,९५,०००

खालचा आकडा दुप्पट, कारण फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेते. आता कंपनीचे आकडे घालून बघा. आरएक्स १००: ९८ सीसी, ७५०० आरपीएमला ११ बीएचपी, म्हणजे जेमतेम ६.७ बार. केटीएम ३९०: ३७३ सीसी, ९००० ला सुमारे ४३ बीएचपी, म्हणजे ११.४ बार. टू-स्ट्रोक दर फेरीला पेटते म्हणून दुप्पट ताकद देते असं सर्रास बोललं जातं, पण दर फेरीचा घास अर्धवट असतो. ताजा चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) थोडा एक्झॉस्टमधून निसटतो आणि जळालेला थोडा आतच राहतो.

ट्यून केल्यावर चित्र बदलतं. चांगलं पोर्टिंग आणि जुळलेला चेंबर असेल तर एअर-कूल्ड टू-स्ट्रोक ९ बारपर्यंत जाते. फोर-स्ट्रोक कॅम, हेड आणि कॉम्प्रेशन करून १२ ते १२.५ ला थांबते. मग:

१३२ सीसी, ९ बार, ९५०० आरपीएम: २५.२ बीएचपी
१६५ सीसी, १२.५ बार, ११,००० आरपीएम: २५.३ बीएचपी

म्हणजे तुमचं १३५ ला १६५ कागदावर बरोबर बसतं. मेख अशी की ते ट्यूनिंगच्या छताला (कमाल मर्यादेला) बसतं, स्टॉक गाड्यांना बसत नाही. आरएक्सची ताकद थोड्या पैशात दुपटीच्या जवळ जाते. फोर-स्ट्रोकला पुढचे २० टक्के मिळवायलाही खिसा रिकामा करावा लागतो. वर ११,००० फिरवायचं, तर ६० मिमीच्या आसपास स्ट्रोक असलेल्या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटर होतो. आरएक्सचा स्ट्रोक ५० मिमी, ९५०० ला तो १५.८ च राहतो. फोर-स्ट्रोकवाला व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि कनेक्टिंग रॉडवर जो खर्च करतो तो टू-स्ट्रोकवाल्याला नाही. नियमाने खर्च समान करता येत नाही, छत समान करता येतं. तेवढंच करा.

एनएस २०० नको. लिक्विड-कूल्ड, चार व्हॉल्व्ह, १९९.५ सीसी. त्याच १२.५ बारला आणि ११,००० ला ३०.६ बीएचपी निघतात. २५ बीएचपीला १५० किलो धरलं तर हिला १८४ किलो द्यावे लागतील. उलट ती स्टॉक ठेवा म्हटलं तर २४ बीएचपी आणि गाडीच दीडशे किलोच्या आसपास, वर जॉकी. स्टॉक असली तर शेवटची येणार, ट्यून केली तर सगळ्यांना खाणार. मधला आकडाच नाही. तिला वेगळा क्लास द्या.

---

सिंहगड_टूस्ट्रोक

वरचा हिशेब मान्य, पण कागदावरचे ९ बार एकाच आरपीएमला मिळतात हे कुठे लिहिलंय? ट्यून केलेल्या १३५ चा पॉवरबँड (खरी ताकद येते तो आरपीएमचा पट्टा) साधारण ७५०० ते १०,०००. त्याखाली गाडी म्हणजे सायकल. आरएक्स १०० च्या केसला (इंजिनचा खालचा भाग, गिअरसकट) चारच गिअर, १३५ फाइव्ह-स्पीडला पाच. चार गिअरवर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की इंजिन पॉवरबँडच्या बाहेर पडतं आणि परत वर चढेपर्यंत शेजारचा पुढे. नियमात गिअरची संख्या मोकळी ठेवा, नाहीतर १०० च्या केसवर १३५ चा ब्लॉक बसवणारे घरी बसतील.

आता सीसीची हद्द. १३५ लिहिलंत तर पहिल्याच स्क्रुटिनीत (गाड्यांच्या तपासणीत) भांडण. आरएक्स १३५ चं बोअर ५८ मिमी, स्ट्रोक ५०, म्हणजे १३२ सीसी. ब्लॉक जुने आहेत, बोअर मारूनच (सिलिंडर कापून किंचित मोठा करून) चालतात. ०.५० मिमी ओव्हरसाइजला १३४.४ होतात, ०.७५ ला १३५.५. म्हणजे तिसऱ्या ओव्हरसाइजचा पिस्टन घातलेला माणूस अर्ध्या सीसीने बाद. १.०० ला १३६.७. हद्द १३७ करा आणि फोर-स्ट्रोकलाही त्याच हिशेबाने १६७ द्या, विषय संपला. नाना पेठेत १.०० च्या पुढचा चांगला पिस्टन शोधणं हे तसंही वेगळंच काम आहे.

दुपारच्या उन्हाबद्दल. ओरड खरी आहे, कारण मात्र भलतंच सांगतात. हवा गरम झाली की पातळ होते, त्यात दोघंही सारखेच मरतात. सकाळी २० अंश आणि दुपारी ३५ असेल तर घनता ५ टक्के कमी. टू-स्ट्रोकचं दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, कार्ब्युरेटर. ५ टक्के पातळ हवेत मिश्रण अडीच टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं, म्हणजे मिकुनी कार्बच्या मेन जेटची (पेट्रोलचं भोक) एक पायरी, १०० च्या जागी ९७.५. जो जेट बदलत नाही त्याची गाडी दुपारी घुटमळते आणि तो ऊन म्हणून रडतो. दुसरं, चेंबर. त्याची लांबी काढायचं नेहमीचं सूत्र:

लांबी मिमीत = एक्झॉस्ट उघडा राहतो ते अंश × ४२,५४५ ÷ आरपीएम

१९२ अंश आणि ९५०० धरले तर पिस्टनच्या तोंडापासून मागच्या कोनाच्या परतीच्या बिंदूपर्यंत ८६० मिमी. यातला ४२,५४५ हा आकडा लहरीचा वेग सेकंदाला साधारण ५१० मीटर धरून येतो, म्हणजे चेंबरमधला गॅस सरासरी ४०० अंशाला. चेंबर थंड असेल, समजा ३०० अंश, तर वेग ४७० वर येतो आणि तोच चेंबर ९५०० ऐवजी ८८०० च्या आसपास जुळतो. रांगेत दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून उभं केलं आणि लगेच लाइनवर घेतलं की टू-स्ट्रोकने हार मानलीच म्हणायची. फोर-स्ट्रोकला याचं काही पडलेलं नसतं. नियमात एवढं घाला: बोलावल्यानंतर लाइनवर यायला दोघांना सारखा वेळ, आणि रांगेत इंजिन चालू ठेवायला मुभा. वजन-बिजन काही न करता अर्धी ओरड बंद होईल.

---

टाइमस्लिप

वजनाचा परिणाम किती होतो यावर आधी बोलू, मग कोणाला किती ते ठरवा. ढोबळ सूत्र, मेट्रिकमध्ये:

४०२ मीटरचा वेळ = ७.५८ × (किलो ÷ बीएचपी) चं घनमूळ
शेवटचा वेग ताशी किमी = २८९ × (बीएचपी ÷ किलो) चं घनमूळ

१५० किलो आणि २५ बीएचपीला १३.८ सेकंद येतात. घनमूळ असल्यामुळे वजन १ टक्क्याने वाढलं की वेळ एक तृतीयांश टक्का वाढतो. म्हणजे ५ किलो जादा दिले की कागदावर ०.१५ सेकंद, ३ किलोला ०.०९.

पण हे सूत्र मोटारींवर बसवलेलं आहे, लहान बाइकला जसंच्या तसं लावू नका. शेवटच्या वेगाचा आकडा तर अजिबात नको. जॉकी टाकीवर झोपलेला असेल तरी ताशी १४० ला नुसती हवा कापायला साधारण १५ बीएचपी जातात. चाकावर २२ असतील तर वेग वाढवायला उरतात ७. मागच्या अर्ध्यात वजनाला फारसा अर्थ राहत नाही, सगळा खेळ ताकदीचा आणि जॉकी किती लहान होऊन झोपतो याचा. वजन पहिल्या २०१ मीटरमध्ये चावतं. म्हणून ताकद जास्त असलेल्या गाडीला वजन दिलंत की दोघांचा वेळ सारखा दिसेल, पण एक सुरुवातीला पुढे असेल आणि दुसरी शेवटी घासून येईल. हिट बघायला मजा येते, हरणाऱ्याला मात्र दर वेळी अन्याय वाटतो.

दुसरी गोष्ट, बॅलास्ट (जादा लावलेलं वजन) कुठे लावला. १० किलो शिसं इंजिनच्या खाली पुढच्या बाजूला लावलं की गाडीचं पुढचं चाक बसून राहतं, पहिल्या गिअरमध्ये क्लच जास्त सोडता येतो आणि पहिल्या ६० फुटांचा वेळ सुधारतो. म्हणजे दंड म्हणून दिलेलं वजन बक्षीस होतं. नियमात जागा ठरवून द्या: दोन्ही चाकांच्या मध्ये, सीटच्या खाली, किमान दोन एम८ बोल्ट आणि नायलॉक नट. टेप, केबल टाय, टाकीत वाळू असले प्रकार सरळ बाद. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लांब करायचा असेल तर दोघांनाही तीच हद्द.

वजन रन संपल्यावर घ्यायचं. जॉकी, हेल्मेट, लेदर, टाकीत उरलेलं पेट्रोल सगळ्यासकट, गाडी काट्याकडे येताना मध्ये कुठेही न थांबता. आधी घेतलंत तर लोक पाण्याची बाटली पिऊन काट्यावर चढतात. ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा पुरतो, २० किलोची शिक्का मारलेली वजनं ठेवून दर तासाला तपासा. अर्ध्या किलोची सूट, त्याखाली नाही.

---

भोसरी_लेथ

रिस्ट्रिक्टर या क्लाससाठी चुकीचा आहे, आणि तो कोणाला चुकीचा पडेल हे एअरबॉक्स (कार्बच्या आधीची हवेची पेटी) ठरवतो. आकडे घ्या. १६५ सीसी ११,००० ला सेकंदाला सरासरी १५ लिटर हवा ओढते, पण ती सगळी चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये, म्हणजे ओढ लागते तेव्हा साधारण ६० लिटरच्या वेगाने. १३२ सीसी टू-स्ट्रोक ९५०० ला सरासरी २१ लिटर ओढते, पण रीड व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी पाती) जवळजवळ अर्धी फेरी उघडा असतो, त्यामुळे शिखर ४२ च्या आसपास. २० मिमीचं भोक दोघांच्या कार्बच्या तोंडाशी थेट लावलंत तर त्यातून फोर-स्ट्रोकची हवा सेकंदाला १९० मीटरने जायला बघते आणि टू-स्ट्रोकची १३० ने. फोर-स्ट्रोक गुदमरली. आता भोक आणि कार्बच्या मध्ये दोन-तीन लिटरचा एअरबॉक्स लावू दिला तर शिखर सपाट होतं आणि सरासरीवर येतं. तिथे टू-स्ट्रोक जास्त पिते, म्हणून ती गुदमरते. एकच भोक, निकाल उलटा. ज्याला एअरबॉक्स बनवता येतो तो नियम जिंकला.

त्यापेक्षा कार्बच्या व्हेंच्युरीवर (आतल्या गळ्यावर) हद्द घाला. टू-स्ट्रोक २६ मिमी, फोर-स्ट्रोक २८ मिमी, गोल बोअर, स्लाइडच्या खाली मोजायचं. इंजेक्शनवाली असेल तर थ्रॉटल बॉडीला तोच आकडा. पोर्टची उंची, कॅमची लिफ्ट काही तपासायची गरज नाही. तोंडच बांधलं तर पोट किती वाढणार? पोर्ट कितीही उंच नेला तरी २६ मधून जाईल तेवढंच जाईल.

तपासायला व्हर्निअर नको. व्हर्निअरचा जबडा स्लाइडच्या खाचेत अडकतो आणि मग ०.२ मिमीवरून वाद. गो–नो-गो गेज करा: एन-३१ पोलादातून एक पिन, एका टोकाला २६.००, दुसऱ्या टोकाला २६.१५, हार्ड करून ग्राइंड केलेली. २६.१५ आत गेली की बाद. फोर-स्ट्रोकसाठी तशीच २८ ची. भोसरीत कुठलाही टूलरूमवाला एका दिवसात करून देईल. गेज स्क्रुटिनीच्या टेबलावर बांधून ठेवा, कुणीही येऊन स्वतःची गाडी आधी तपासू दे.

लबाडी कुठे होते तेही सांगतो. कार्बच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्ड आणि इंजिनच्या मध्ये, हवा घ्यायची. टू-स्ट्रोकला क्रँककेसच्या पॅकिंगला बारीक गळती ठेवतात, किंवा रीड ब्लॉकखाली पॅकिंगला खाच. फोर-स्ट्रोकला व्हॅक्यूमची नळी उघडी. तपासणी एका मिनिटाची: इंजिन चालू, आरपीएम थोडं वर, कार्बचं तोंड रबरी प्लेटने पूर्ण झाकायचं. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. रेंगाळलं तर हवा दुसरीकडून येतेय. टू-स्ट्रोकमध्ये अशी गळती ठेवणारा मिश्रण लीन (पेट्रोल कमी) करून स्वतःचाच पिस्टन सीझ (जाम) करतो, पण एखादा रन जिंकून जातो.

---

नियमावली_पुणे

गेजची कल्पना एकदम पटली. मग वजन दोघांनाही सारखं १५० ठेवून सुरुवात करायची आणि नंतर लागलं तर बदलायचं, असं ना? बदलायचं कधी आणि किती? पहिल्याच इव्हेंटला तिन्ही ट्रॉफ्या एका बाजूला गेल्या तर मला फोन बंद करून बसावं लागेल.

---

क्वार्टरमाइल_वाचक

जगात हे भांडण जुनंच आहे, तेव्हा थोडं बघून घ्या. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग संघटनेच्या प्रो स्टॉक क्लासमधल्या मोटारींना सत्तरच्या दशकात दर क्युबिक इंचामागे इतके पौंड, असं वजन होतं, तेही इंजिनच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळं. आकडे सारखे बदलायचे आणि दर बदलाला कोणीतरी जुनी गाडी विकून नवी बांधायचा. १९८२ पासून सरळ ५०० क्युबिक इंच आणि २३५० पौंड, सगळ्यांना एकच. मोटारसायकलच्या प्रो स्टॉकमध्ये मात्र असं करता आलं नाही, कारण एका बाजूला इनलाइन-फोर सुझुकी आणि दुसऱ्या बाजूला १६० क्युबिक इंचाची, म्हणजे २६०० सीसीच्या वरची पुशरॉड व्ही-ट्विन. तिथे आजही इंजिनप्रमाणे वेगळं किमान वजन आहे.

सर्किटवरचं उदाहरण २००२ च्या मोटोजीपीचं. ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या शेजारी ९९० सीसी फोर-स्ट्रोक सोडल्या. दुपटीचं प्रमाण. त्या वर्षीच्या सगळ्या १६ शर्यती फोर-स्ट्रोकने जिंकल्या. तुमचं सव्वापटीचं प्रमाण त्यामानाने फारच शहाणं आहे.

की सरळ ब्रॅकेट रेसिंग करता? प्रत्येकाने आपला वेळ आधी लिहून द्यायचा, हळू गाडी तेवढ्या फरकाने आधी सुटते, लिहिलेल्यापेक्षा वेगात गेलात तर बाद. समतोलाचा प्रश्नच मिटतो.

---

सिंहगड_टूस्ट्रोक

मिटतो, आणि क्लासही मिटतो. ब्रॅकेटमध्ये पोर्टिंग करून काय उपयोग? सगळ्यात हळू पण सातत्याने चालणारी गाडी जिंकणार. लोक इथे एकदम सुटून शेजारच्याला मागे टाकायला येतात. नवख्यांसाठी वेगळा क्लास म्हणून ठेवा हवं तर.

---

टाइमस्लिप

कधी बदलायचं, ते ट्रॉफ्यांवरून ठरवू नका, टाइमिंगच्या चिठ्ठीवरून ठरवा. चार आकडे लागतात: ६० फूट (१८.३ मीटर), २०१ मीटर, ४०२ मीटर आणि शेवटचा वेग. रिअ‍ॅक्शन टाइम यात धरायचाच नाही, तो जॉकीचा.

दोन्ही प्रकारांतले सर्वात वेगवान तीन-तीन घ्या, सगळ्या एंट्र्यांची सरासरी नको. सरासरी घेतलीत तर पाच ढिल्या आरएक्स आल्या म्हणून टू-स्ट्रोकला सूट द्यावी लागेल. दोन्ही बाजूंच्या तिघांमध्ये ४०२ च्या वेळेत दीड टक्क्यापेक्षा जास्त तफावत असेल आणि शेवटच्या वेगातही त्याच बाजूला तफावत असेल, तरच फरक इंजिनचा आहे. वेळेत फरक पण शेवटचा वेग सारखा, म्हणजे फरक सुटण्यात आहे: क्लच, टायर, जॉकी. त्याला वजन देणं म्हणजे चांगल्या जॉकीला शिक्षा.

बदल एका वेळी ३ किलोचा, एकाच बाजूला, आणि तोही दोन इव्हेंटचे आकडे एकाच दिशेला असतील तरच. पुढच्या इव्हेंटच्या किमान महिनाभर आधी जाहीर. एकूण ९ किलोच्या वर जायचं नाही. त्यापुढेही फरक उरला तर वजन चुकीचं हत्यार आहे, मग व्हेंच्युरी १ मिमीने कमी करा. व्हेंच्युरी मागच्या अर्ध्यात चावते, वजन पहिल्या अर्ध्यात. चिठ्ठीत फरक कुठल्या अर्ध्यात पडतोय ते बघून हत्यार निवडा.

एक काळजी: लपवाछपवी. वजन मिळू नये म्हणून आघाडीवरचा माणूस शेवटच्या ५० मीटरला गॅस सोडतो. ते ओळखायला २०१ ते ४०२ चा वेळ बघा. २०१ मीटरला दोन गाड्या सारख्या असतील आणि एकीचा शेवटचा वेग ताशी ८–१० ने कमी असेल, तर गॅस सोडलेला आहे. असे रन तुलनेत घ्यायचेच नाहीत, त्याचाच सर्वात चांगला पहिला अर्धा धरून हिशेब करा. हे नियमातच लिहा, म्हणजे कोणी सोडणार नाही.

---

बाणेर_बीएमईपी

दीड टक्क्याचा उंबरठा थोडा मोठा ठेवलाय, १३.८ वर ते ०.२ सेकंद होतात. ३ किलोने कागदावर ०.०९ हलतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे उंबरठा ओलांडला तरी एका बदलात अर्धाही फरक भरत नाही. मी १ टक्का म्हणेन.

---

टाइमस्लिप

मुद्दाम मोठा आहे. सकाळ-दुपारच्या हवेतच एक टक्क्याहून जास्त वेळ हलतो. ५ टक्के घनता म्हणजे जवळजवळ ५ टक्के ताकद, त्याचं घनमूळ पावणेदोन टक्के. १ टक्का हवा असेल तर दोन्ही प्रकारांचे रन एकाच तासात झाले पाहिजेत. एका वेळी सगळ्या टू-स्ट्रोक आणि मग सगळ्या फोर-स्ट्रोक असं कधीच सोडू नका, क्वालिफायिंगलाही आलटून-पालटून.

---

बाणेर_बीएमईपी

तसं असेल तर १ टक्का. आणि पेट्रोलवर एक शब्द, कारण ते कोणीच काढलं नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. १० टक्क्यांच्या पेट्रोलवर लावलेल्या जेटवर हे घातलं तर मिश्रण साधारण ४ टक्के लीन पडतं, म्हणजे ११० चा मेन जेट असेल तर ११५ च्या आसपास जावं लागतं. फोर-स्ट्रोक लीन झाली तर गरम होते, आवाज करते, चालते. टू-स्ट्रोक लीन झाली तर चौथ्या गिअरमध्ये, पूर्ण गॅसवर, शेवटच्या शंभर मीटरला सीझ होते. मागचं चाक लॉक, ताशी १४०. म्हणून पेट्रोल सगळ्यांना एकाच कॅनमधून द्या आणि आधी जाहीर करा, म्हणजे लोक घरीच जेट लावून येतील. टू-स्ट्रोकवाले तुमच्यासमोर ऑइल घालतील. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा नमुना नंतर तपासायला गेलात तर आकडे कशाशीच जुळणार नाहीत. आणि मिसळलेलं पेट्रोल रात्रभर ठेवू देऊ नका. इथेनॉल ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं.

---

नियमावली_पुणे

बरंच मिळालं. बदललेला मसुदा:

टू-स्ट्रोक १३७, फोर-स्ट्रोक १६७ सीसी. व्हेंच्युरी २६ आणि २८, गेजने. गिअर मोकळे. दोघांना १५० किलो, रन संपल्यावर काट्यावर. बॅलास्ट सीटखाली, दोन एम८. कॅनचं पेट्रोल. बोलावल्यावर लाइनवर यायला ३ मिनिटं, रांगेत इंजिन चालू ठेवायची मुभा. क्वालिफायिंग आलटून-पालटून. बदल ३ किलोने, दोन इव्हेंटनंतर, १ टक्का. एनएस वेगळ्या क्लासला.

सीसी तपासायला हेड प्रत्येकाचं उघडायचं का?

---

भोसरी_लेथ

प्रत्येकाचं नको. फायनलच्या दोघांचं आणि तक्रार झालेल्याचं. टू-स्ट्रोकचं हेड चार नटांवर आहे, इंजिन थंड झालं की दहा मिनिटांत निघतं. बोअर गेजने वर, मध्ये, खाली तीन ठिकाणी आणि आडवं-उभं दोन दिशांनी मोजा, पोर्टची जागा सोडून. स्ट्रोक डायल गेजने. गरम मोजू नका, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक असेल तर आकडा फुगतो आणि तुमचेच १३७ चे १३७.३ होतात.

फोर-स्ट्रोकचं हेड उघडायला कॅम चेन सोडावी लागते, परत टाइमिंग बसवावं लागतं. ते तिथे धावपट्टीवर करू नका. इंजिनला हेडच्या आणि ब्लॉकच्या बोल्टमधून वायर ओवून शिशाचं सील मारा, गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी मालकासमोर उघडा, निकाल तोपर्यंत राखून ठेवा. सीलसाठी बोल्टच्या डोक्याला १.५ मिमीचं भोक आधीच पाडून आणायला सांगा, हेही नियमात घाला, नाहीतर फायनलनंतर रात्री आठला ड्रिल मशीन शोधत फिराल.